बांडीची धार

"पानी? आमच्या दुधात पानी?"

फुलाबाईनं शेणाची पाटी गोठ्याच्या दारातच आदळली. शेण उडून लुगड्याला लागलं, पण तिकडं बघायची तिला सवड नव्हती. भुकूमचा रतीब घालून प्रदीप नुकताच आला होता आणि मोटारसायकलचे रिकामे कॅन सोडवता सोडवता खाली मान घालून बोलत होता. पाऊस पहाटेपासून लागून राहिला होता. रिह्याच्या खोऱ्यात श्रावणातला पाऊस उघडतो म्हणजे नुसता दम खातो.

"कोन म्हनतंय त्ये सांग आदी."

"समदीच. त्या आशालताताईंनी मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपात सायीचा फोटो टाकलाय. दुधावर नुसता पापुद्रा येतुया म्हनत्यात. मग काय, एकाचं बघून दुसरा. कुनी म्हनतंय पानी, कुनी म्हनतंय पावडर. चार घरांनी उद्यापास्नं नको म्हनून सांगितलंय."

"आन् तू काय म्हनलास?"

"काय म्हननार? ऐकून आलो."

"ऐकून आला! भडव्या, तुज्या आयला चोर म्हनत्यात आन् तू कॅन धरून हुबा ऱ्हायलास?"

ओसरीवर बसलेल्या गेणबानं विडी कानावरून काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. बायको तापली की नवऱ्यानं काहीतरी हातात धरावं आणि गप्प बसावं, एवढं तो उभ्या जन्मात शिकला होता. आणि आज तर बाई उगाच तापली नव्हती.

हा रतीब फुलाबाईच्या जिवाचा होता. गावात तिच्या घरचं दूध वरच्या आळीत कुणी घेत नसे. तोंडावर कुणी काही बोलत नसे, आता तसं बोलायची सोय राहिलेली नाही. नुसतं "आमच्याकडं हाय की" म्हणायचे आणि दुपारी तांब्या घेऊन भलत्याच्याच दारात जायचे. बुद्धवाड्यातलं दूध म्हटलं की त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. उतरायचं नाही तर नाही, फुलाबाईनं कुणाचे पाय धरले नाहीत. पण डोक्यात ते खुपून राहिलं होतं. मग भुकूमला इमारती उठल्या, लातूर-नांदेड-सोलापूरकडची नोकरीवाली माणसं राहायला आली आणि प्रदीपनं तिथं रतीब धरला. त्या माणसांनी आडनाव विचारलं नाही, आळी विचारली नाही. गाय कसली आणि खाते काय, एवढंच विचारलं. पहिल्या दिवशी कॅन रिकामा होऊन आला तेव्हा फुलाबाईनं तो धुवायला सुनेच्या हातात दिला नव्हता, स्वतः धुतला होता.

तेव्हा गोठ्यात तांबडी दुभती होती. गावरान गाय, अंगानं बेताची, शिंगं आखूड, स्वभावानं तिरसट. दूध बघायला गेलं तर थोडंच, पण दाट, पिवळसर झाकेचं. तापवून ठेवलं की साय बोटानं उचलावी. ती आटली, गाभण राहिली आणि प्रदीपनं चैतात बाजारातून बांडी आणली. पांढरी, काळ्या ठिगळांची. कागदावर तिची जात काहीतरी वेगळीच होती, पण गावात असल्या सगळ्या गाईंना जर्सीच म्हणतात. बांडी एका वेळेला बादली भरायची. दूध पांढरंफेक आणि पातळ, भांडं तिरकं केलं की काठाला काही राहायचं नाही. त्यात पावसाळ्यात कोवळं ओलं गवत खाऊन ते आणखी सुटलं होतं. पहिला चहा पिऊन गेणबा म्हणाला होता, "ह्या दुधाला चहाचा रंग चढतोय, चहाला दुधाचा न्हाई."

"जनावराचा काय दोस?" फुलाबाई तेव्हा म्हणाली होती. "ज्याच्या त्याच्या अंगातलं ज्याचं त्याचं दूध." आणि प्रदीपला तिनं बजावलं होतं, "तितं सांग बरं का, गाय बदललीया म्हनून." प्रदीप मोबाइलमधून मान वर न काढता "सांगतो की" म्हणाला होता. रतीब त्याचा, हिशेब त्याचा, बोलणं त्याचं. तिचं काम गोठ्यात.

"फोन लाव त्या ताईला," फुलाबाई आता म्हणाली.

"आये, ऱ्हाऊ दे. मी मिटवतो."

"लाव म्हनते ना!"

प्रदीपनं फोन लावला. फुलाबाईनं तो शेणाच्या हातानंच ओढून घेतला. "ताई, मी प्रदीपची आय बोलतीया, रिह्यास्नं. तुमी आमाला पानी घालनारे म्हनलं. बरं म्हनलं. येत्या रईवारी मी गाय घिऊन तुमच्या दारात येती. भांडं तुमचं, डोळं तुमचं. धार म्होरं काढून देते. मग सांगा पानी कुटनं येतंय त्ये."

पलीकडून बाई काहीतरी बोलत होती, पण फुलाबाईनं फोन प्रदीपच्या छातीवर आदळला. समोर धार काढून द्यायची रीत काही नवी नव्हती. पूर्वी पौडला गवळी म्हैस घेऊन दारोदार फिरायचे आणि गिऱ्हाइकाच्या चरवीत धार काढायचे, ते तिनं लहानपणी पाहिलेलं. दुधावर संशय आला की जनावर उभं करायचं, दुसरा पुरावा कसला?

प्रदीपचं तोंड मात्र पार उतरलं. "येड लागलंय का तुला? तितं खाली टायली हायेत. गाय घसरंल, पाय मोडंल. सोसायटीत जनावर घेत न्हाईत."

"घेत न्हाईत तर गेटात काढीन धार."

"लोकं हसतील, आये!"

"आता काय रडत्यात व्हय?"

सून धम्मदीपा चुलीपुढून उठून दारात आली. "आत्या, थोडं दिस जाऊ द्या की. त्यांचं त्यांनाच कळंल," ती म्हणाली, पण सासूकडं न बघता नवऱ्याकडं बघून.

"तू गप. तुज्या अंगावर कुनी थुंकलं तर थोडं दिस वाट बघशीला का?"

धम्मदीपा आत गेली. फुलाबाईनं इरलं घेतलं, खुरपं घेतलं आणि बांधावर गेली. भातखाचरं तुडुंब होती. वाकून गवत कापताना पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि ती प्रत्येक मुठीला एकेक शिवी हासडत होती. पाणी म्हणे! इथं पाणी अंगावर पडतंय, चुलीत पडतंय, गोठ्यात गुडघाभर साचतंय, आणि ते दुधात घालायला मी उठून जाते काय? बांडीच्या खुरांत पावसानं जखमा झाल्या होत्या. कडुनिंबाच्या पाल्यानं त्या धुवायच्या, हळद भरायची, गोचिडी वेचायच्या, डासांना धूर करायचा. गावरान जनावर असल्या पावसाला भीक घालत नाही, पण बांडी बाहेरची पोर, तिला सगळंच सोसत नाही. एवढं करून वर चोर! तिचं खुरपं बोटाला लागलं. तिनं बोट तोंडात धरलं, रक्त थुंकलं आणि पुन्हा वाकली.

रविवारपर्यंत ती घरात कुणाशी सरळ बोलली नाही. प्रदीपनं दोनदा विषय काढला, दोनदा तिनं त्याला झापलं. शनिवारी तो म्हणाला, "पिकअप मिळत न्हाई." फुलाबाई स्वतः गावातल्या जनार्दनकडं गेली आणि त्याची पिकअप ठरवून आली.

रविवारी पाऊस भुरभुर होता. पिकअपमध्ये पेंढा टाकला, वर ताडपत्री बांधली. बांडी फळीवर पाय ठेवेना. मागून गेणबानं आणि जनार्दननं रेटली, पुढून फुलाबाईनं वासरू दाखवलं, तेव्हा चढली. प्रदीप कासरा धरून उभा होता, त्याच्या हातात जोर म्हणून नव्हता. फुलाबाई मागं गाईपाशीच बसली. घोटवड्याच्या फाट्यावरून पौड रस्त्याला लागेपर्यंत खड्ड्यांनी अंग खिळखिळं झालं. गाय हलली की हिनं पोटाला हात लावायचा, "ह्यो ह्यो, बाई" म्हणायचं. तिला वाटत होतं, भ्यालंय पोरगं चार साहेब लोकांना. बापावर गेलंय.

सोसायटीच्या फाटकात वाल्मीक वॉचमननं काठी आडवी धरली. "मावशी, जनावर आत न्यायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"तुजी नोकरी मी देते, बाजूला हो."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी स्वानंद छत्री घेऊन धावत आले. अर्ध्या चड्डीत होते, चेहरा झोपेचा. "अहो, हे काय चाललंय? प्रदीप, हा काय प्रकार आहे? इथं गाड्या आहेत, मुलं आहेत. परमिशन घेतलीत का?"

"मला फोन करून आल्यात त्या, स्वानंद," मागून आवाज आला. आशालताताई जिना उतरून आल्या होत्या. पिकलेले केस, पदर खोचलेला, हातात स्टीलचं पातेलं. सांगोल्याकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या माहेरी खिलार जनावरं होती आणि दुधातलं त्यांना कळत होतं. "संशय मी घेतला, तर बघायलाही मीच पाहिजे. येऊ द्या आत."

बांडी उतरली आणि फरशीवर तिचा मागचा पाय सरकला. फुलाबाईनं आपल्या अंगावरचं पोतं काढून खुरांखाली टाकलं. गाईनं तिथंच, एका पांढऱ्या गाडीच्या चाकाशी, भलामोठा पो टाकला. "शी!" कुणीतरी ओरडलं. पोरं खिदळायला लागली. गॅलऱ्यांतून माणसं वाकली, खाली घोळका जमला, मोबाइल वर झाले. फुलाबाईला रागानं कान तापल्याचं कळत होतं. वासरू खांबाला बांधून तिनं वाल्मीकला सांगितलं, "वाईच कोमट पानी आन रं तांब्याभर."

"आलं बघा पाणी!" गर्दीतून एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

"थानं धुवायला पायजे!" फुलाबाई गरकन वळली. "तुमी तोंड न धुता खाता का? का खाताच?"

हसणारा मागं सरकला. पाणी आलं. तिनं कास धुतली, पुसली, आशालताताईंचं पातेलं गुडघ्यात धरून उकिडवी बसली आणि थानाला हात घातला. काही नाही. पुन्हा ओढलं. दोन थेंब. बांडीनं पान्हा चोरला होता. नवी जागा, गुळगुळीत जमीन, माणसांचा गलका. जनावर का सोडील दूध? फुलाबाईचे हात थानावर चालत होते आणि हाती काही येत नव्हतं, आणि वर डझनभर मोबाइल तेच टिपत होते. तिला रडू फुटायच्या बेतात आलं, म्हणून तिनं दात आवळले.

"वासरू लावा आधी," आशालताताई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे गप्प राहा बघू. गाय आहे, सिनेमा नाही." त्यांनीच वासराचं दावं सोडलं आणि त्याला कासेकडं ढकललं. वासरानं दोन ढुशा मारल्या. बांडीनं मान वळवून त्याला हुंगलं, तिच्या अंगातला ताठा गेला आणि थानं तट्ट झाली. फुलाबाईनं वासराला बाजूला केलं. धार पातेल्यात वाजली. मग वाजतच राहिली. फेस चढला, पातेलं भरत आलं आणि तिनं ते वर उचलून ताईंच्या हातात दिलं.

"घ्या! बगा! आता सांगा कुटं हाय पानी? सांगा ना!"

आशालताताईंनी फेस फुंकून बाजूला केला. बोट बुडवून नखावर थेंब धरला. थेंब ओघळून गेला. त्यांनी पातेलं तिरकं करून काठ पाहिला.

"पातळच आहे," त्या म्हणाल्या. "रोज येतं तसंच."

"पातळ हाय! पन पानी न्हाई! हिच्या जातीचं दूधच असं, त्याला मी काय करू? तुमच्या डोळ्यांम्होरं काढलंय!"

"खरं आहे. पाणी नाही. पाण्याचा संशय मी घेतला, ती माझी चूक झाली. सगळ्यांसमोर सांगते."

फुलाबाईनं छातीभर श्वास घेतला. तिनं गर्दीवरून नजर फिरवली, त्या मघाच्या हसणाऱ्यापर्यंत. ऐकलंत का रे? असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पण फुलाबाई," आशालताताई हळू म्हणाल्या, "ही तर जर्सी आहे."

"व्हय. मग?"

"आम्ही गावरान गाईचं दूध घेतो तुमच्याकडून. प्रदीप तसंच सांगतो, आणि भावही गावरानचाच घेतो. परवासुद्धा तुमच्या तांबड्या गाईचा फोटो पाठवला त्यानं, सकाळची धार म्हणून."

फुलाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं प्रदीपकडं पाहिलं. तो पिकअपच्या फळकुटाला टेकून उभा होता. तिनं स्वतःच्या हातानं गाय गाडीत चढवली होती, स्वतः तिच्यापाशी बसून आणली होती, आणि पोरगा पहिल्या दिवसापासून नको नको म्हणत होता ते कशासाठी हे तिला आता दिसत होतं.

प्रदीप पुढं आला. तोंडावर हसू आणलं त्यानं. "ताई, तसं नाही. तांबडीच्या पायाला लागलंय, म्हणून आज हिला आणलं. ही आमच्या घरच्या चहाला असते. तुमचं दूध गावरानच येतं. पावसामुळं जरा पातळ पडलंय, एवढंच. आये, सांग की."

सगळे फुलाबाईकडं बघायला लागले.

"तुम्ही सांगा," आशालताताई म्हणाल्या. "तुम्ही गाय इथवर आणलीत. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरीन."

एक 'व्हय' म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दानं रतीब राहत होता. नाहीतर उद्यापासून डेअरीच्या रांगेत कॅन लावायचा, ते देतील तो भाव घ्यायचा आणि वरच्या आळीच्या बायांनी विचारायचं, "सुटला का गं भुकूमचा रतीब?" आणि हसायचं. प्रदीप डोळ्यांनी विनवत होता. बांडीच्या कासेतून दूध आपोआप फरशीवर ठिबकत होतं. ह्या माणसांनी आपल्याला काही विचारलं नाही, फुलाबाईच्या मनात आलं. नाव नाही, गाव नाही. फक्त गाय कसली, एवढंच विचारलं. आणि नेमकं तेवढंच ह्यानं खोटं सांगितलं.

"तांबडी उन्हाळ्यापास्नं आटलीया," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलली. "थेंब न्हाई तिला! तुमी प्याला त्ये समदं हिचं हाय. समदं!"

"ही सरळ फसवणूक आहे!" स्वानंद म्हणाले. "माझी मुलगी हे दूध पिते. आम्ही पोलिसांत—"

"जावा तुमी कुटं जायाचं तितं. आदी मला धार पुरी करू द्या." अर्धी कास ठेवून उठलं तर कास सुजते. तिनं बादली ओढली आणि पुन्हा बसली. गर्दी कुजबुजत उभी होती. प्रदीप तिच्याजवळ येऊन वाकला.

"आये, तू मला मातीत घातलंस," तो दातांतून बोलला. "जर्सी म्हनलं तर कुत्रं इचारत न्हाई. गावरान म्हनलं की रांग लावत्यात. त्ये फार्महाउसवाले काचंच्या बाटल्यांत भरून काय इकत्यात म्हाईत हाय तुला? त्यांच्या गाई बगायला कोन जातंय? त्यांना कोन इचारतंय? आपुनच का?"

"त्यांचं त्यांच्या आया बघत्याल. तू माजा हाईस." ती मान न वळवता धार काढत राहिली. "तुज्या बायकूला ठावं हुतं न्हवं?"

प्रदीपनं तोंड फिरवलं. तेवढ्यावरनं काय ते तिला समजलं. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ती एकटीच मूर्खासारखी बांधावर शिव्या देत गवत कापत होती. तिच्या हाताला असा काही जोर चढला की बांडीनं पाय उचलला. तिनं गाईला थोपटलं, हात हलका केला, शेवटची थानं निपटली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"बादली उचल."

"कुटं?"

"वर. पयल्या माळ्यापास्नं. ज्या ज्या दारात घालत हुतास त्या समद्या दारांत."

"राहू द्या फुलाबाई," आशालताताई म्हणाल्या. "झालं ते झालं. मी ग्रुपवर लिहिते."

"तुमी न्हाई. ह्यानं तोंडानं सांगितलं, तोंडानंच फेडायचं."

प्रदीप लिफ्टकडं वळला. फुलाबाईनं त्याचा दंड धरून जिन्याकडं ओढला. तो पुढं, ती मागं. तिच्या शेणाच्या पावलांचे ठसे पायऱ्यांवर उठत होते. पहिल्या दारापुढं तो थांबला. घंटी वाजवायला त्याचा हात उठेना, तेव्हा तिनंच बटण दाबलं. दार उघडलं. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई होती, खालचा प्रकार तिला ठाऊक नव्हता.

"आज उशीर झाला, दादा? थांबा हं, पातेलं आणते."

प्रदीप बादलीत बघत राहिला. फुलाबाईनं त्याच्या पाठीत मूठ हाणली.

"बोल."

"ताई... हे जर्सीचं हाय."

"काय?"

"गावरान न्हाई. चैतापास्नंच न्हाई. मी... मी खोटं सांगत हुतो."

बाई त्याच्याकडं बघत राहिली. मग त्याच्या मागं उभ्या असलेल्या, चिखलानं भरलेल्या म्हातारीकडं तिनं पाहिलं, कडेवरच्या मुलाकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

प्रदीप भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बास की, आये," तो म्हणाला. "बास आता. चल घरी."

फुलाबाईचेही डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिनं त्याची बादली त्याच्या हातात नीट दिली आणि समोरच्या दाराकडं हात केला.

"घंटी वाजीव."